व्हॉल्यूम कमी केल्यावर हरवणारा ट्रेबल: एका गिटारचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातला गिटारवादक डिचोली तालुक्यात राहतो. पर्यटनाच्या हंगामात तो कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांमध्ये बँडबरोबर उभ्याने वाजवतो, आणि चवथीच्या आगेमागे व अधूनमधून वर्षभर फोंडा, म्हापसा, पणजी इथल्या भावगीत-भक्तिगीतांच्या कार्यक्रमांत हार्मोनियम-तबल्याच्या शेजारी मांडी घालून साथीला बसतो. गिटार दोन्हीकडे एकच. ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील गाळले आहेत.

गिटारवर दोन हंबकर (दुहेरी वेटोळ्याचे) पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारे भाग, आहेत, दोघांना मिळून एक व्हॉल्यूम, एक टोन आणि निवडीसाठी त्रिमार्गी स्विच. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा बदलता रोध, ५०० किलोओहमचा, ऑडिओ टेपर जातीचा (नॉबच्या चालीबरोबर रोध सम प्रमाणात न बदलणारा). टोनचाही तेवढाच, त्याला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. म्हणजे रचना अगदी रूढ, तिच्यात कोणी काही फेरफार केलेला नव्हता.

वादकाची सवय मात्र लक्षात घेण्यासारखी होती, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर ठरले. हॉटेलात तो ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटका, खरबरीत करणारे) पेडल कायम चालू ठेवतो. व्हॉल्यूमचा नॉब पूर्ण उघडला की सोलो आणि खाली आणला की बऱ्यापैकी स्वच्छ ऱ्हिदम, असे त्याचे दोन आवाज एकाच नॉबवर असतात. मैफलीत पेडल बंद असते. तिथे तो कडव्यांमधल्या जागा भरतो आणि गायनाचे शब्द सुरू झाले की करंगळीने नॉब खाली घेतो. काही ठिकाणी नॉब शून्यावर ठेवून तार छेडायची आणि मग सावकाश उघडत जायचे, म्हणजे छेडल्याचा ठोका ऐकू न येता स्वर उमलत येतो, ही लकबही त्याच्या हातात चांगली बसलेली आहे. बैठकीत मांडी घातलेली असल्यामुळे पाय मोकळा नसतो. त्यामुळे आवाजाचे सगळे नियंत्रण त्या एका करंगळीकडे आहे.

अडचण

तक्रार त्याची स्वतःची नव्हती, ज्या गायिकेला तो साथ करतो तिची होती. "दादा, मी गायला लागले की तुमची गिटार गोधडीखाली जाते," असे ती एका तालमीत म्हणाली, आणि मग ते सगळ्यांनाच ऐकू येऊ लागले. नॉब पूर्ण उघडा असताना आवाज ठीक होता. तो थोडा खाली आणला की आवाज कमी होण्याबरोबर त्याची धारही जायची. कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळून हार्मोनियमच्या खाली गडप व्हायचे. तिथे नॉब जरा वर घ्यावा तर गिटार गाण्यावर चढायची.

ध्वनिव्यवस्थापकाने यावर मिक्सरवर ट्रेबल, म्हणजे आवाजातला उंच, धारदार भाग, वाढवण्याचा उपाय केला होता. त्याने दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या: शांत जागी खरखर ऐकू येऊ लागली, आणि कडव्याच्या शेवटी वादकाने नॉब उघडला की तोच वाढवलेला ट्रेबल कानात टोचू लागला. नॉबच्या वर-खाली होण्याबरोबर बदलणारी गोष्ट मिक्सरवरच्या स्थिर बटणाने सुधारता येत नाही.

गिटार दुरुस्तीसाठी माझ्याकडे येण्यापूर्वी कोणाच्या तरी सल्ल्याने व्हॉल्यूमचा पॉट बदलून झाला होता. तसा सल्ला गोव्यात चटकन दिला जातो आणि त्याला कारणही आहे: किनाऱ्यालगतच्या खारट, दमट हवेत आणि पावसाळ्याच्या महिन्यांत पॉटच्या आतला कार्बनचा पट्टा व त्यावर घासणारा संपर्क खराब होतो, नॉब फिरवला की चरचर येते. पण चरचर आणि ट्रेबल जाणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. पॉट नवा आल्यावर फरक काहीच पडला नाही.

तपासणी

पहिला प्रश्न मी हा विचारला की हे कधीपासून होते आहे. पावसाळ्यापासून, असे उत्तर आले. आणि पावसाळ्यात काय बदलले, असे खोदून विचारल्यावर कळले की पेडलांच्या रांगेत सर्वांत आधी असलेल्या ट्यूनर पेडलचा पायाने दाबायचा स्विच दमटपणाने अडकला होता, म्हणून ते पेडल काढून ठेवून त्याने गिटारच्या डोक्याला लावायचा क्लिपचा ट्यूनर घेतला होता. सुरात लावण्याचे काम त्यावर होत असल्याने जुन्याची त्याला गरज वाटली नाही.

या उत्तराने निम्मे प्रकरण सुटले. ते जुने ट्यूनर पेडल बंद असतानाही सिग्नल स्वतःच्या बफरमधून पुढे पाठवणाऱ्या जातीचे होते. बफर गिटारकडे पाहताना सुमारे १ मेगओहमचा मोठा रोध दाखवतो आणि पुढच्या बाजूला मात्र अगदी कमी रोधाने सिग्नल ढकलतो. त्यामुळे त्याच्या पलीकडे कितीही लांब केबल असली तरी गिटारला ती जाणवत नाही. उरलेली पेडले ट्रू बायपास, म्हणजे बंद केली की निव्वळ तारेचा तुकडा. ट्यूनर गेल्यावर मैफलीत, जिथे सगळी पेडले बंद असतात, गिटारच्या जॅकला पेडलबोर्डपर्यंतची ६ मीटर आणि तिथून ॲम्प्लिफायरपर्यंतची आणखी ६ मीटर अशी सलग केबल लटकू लागली. हॉटेलात ओव्हरड्राइव्ह सतत चालू असल्यामुळे त्याच्या आतले सर्किटच बफरचे काम करत होते. तिथे तक्रार का नव्हती, याचे उत्तर त्यातच आहे.

केबलची लांबी इथे का आडवी येते ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांचा मिळून एक कपॅसिटरच बनतो. गिटारच्या केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारणपणे मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास असते, काहींची कमी, स्वस्त किंवा गुंडाळीच्या केबलची बरीच जास्त. मल्टिमीटर धारितेवर लावून, दोन्ही टोके मोकळी ठेवून मोजले तेव्हा पहिली केबल सुमारे ६०० पिकोफॅरड आणि दुसरी सुमारे ७०० निघाली. एकूण १३००.

आता पॉट. त्याच्या एका टोकाच्या पायाला पिकअपचा सिग्नल येतो, दुसरे टोक ग्राउंडला असते आणि मधला पाय जॅककडे जातो. नॉब पूर्ण उघडा असताना मधला पाय थेट पिकअपला टेकलेला असतो. खाली आणला की त्या दोघांच्या मध्ये रोध येतो, आणि रोधापुढे केबलचा कपॅसिटर म्हणजे उंच वारंवारता गाळून टाकणारी चाळणी तयार होते. ५०० किलोओहमचा पॉट बरोबर अर्ध्यावर आला की केबलच्या बाजूने १२५ किलोओहम दिसतात. ६०० पिकोफॅरडबरोबर या चाळणीची सीमा सुमारे २१०० हर्ट्झ येते; १३०० पिकोफॅरडबरोबर ती १००० हर्ट्झच्याही किंचित खाली उतरते. पहिल्या तारेचा मोकळा स्वर ३३० हर्ट्झचा आहे आणि बाराव्या पडद्यावरचा ६६० चा. म्हणून मूळ स्वर जागच्या जागी राहतो आणि त्याचे वरचे अंशस्वर, पिकाचा (तार छेडायच्या चपट्या तुकड्याचा) स्पर्श, कॉर्डमधल्या स्वरांचे वेगळेपण एवढेच नेमके जाते.

पिकअपचा स्वतःचा रोध बाजूला ठेवून ३००० हर्ट्झसाठी हिशेब केला, तर पॉट अर्ध्यावर असताना एकूण आवाज जो ६ डेसिबल उतरतो त्याखेरीज ट्रेबल आणखी सुमारे १० डेसिबल उतरतो, हे १३०० पिकोफॅरडवर. ६०० वर हेच नुकसान सुमारे ५ आणि ३०० वर जेमतेम २ डेसिबल आहे. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते: हे नुकसान अर्ध्या बिंदूपाशी सर्वाधिक असते आणि त्याच्या खाली पुन्हा कमी होत जाते, कारण खालच्या बाजूचा रोध लहान होत जातो. ऑडिओ टेपरच्या पॉटमध्ये विद्युतदृष्ट्या अर्धा बिंदू नॉबवरच्या ५ या आकड्यावर नसतो, तो ७ आणि ८ च्या दरम्यान येतो. साथीला बसलेल्या माणसाचे बोट नेमके तिथेच थांबते.

विचारात घेतलेले पर्याय

ट्यूनरचा स्विच बदलून बफर पुन्हा पहिल्या जागी आणायचा, यावर दुमत होण्यासारखे काही नव्हते. खरा प्रश्न त्यापुढचा होता. बफर आल्यावरही गिटारपासून बोर्डपर्यंतची ६ मीटर केबल उरतेच आणि तिचे ५ डेसिबल उरतात. तेवढ्यावर थांबायचे, की गिटारच्या आत हात घालायचा?

गिटारमध्येच बफर बसवणे हा तांत्रिकदृष्ट्या सर्वांत निर्दोष मार्ग होता, पण ९ व्होल्टची बॅटरी आत ठेवायची, ती भर कार्यक्रमात संपण्याची धास्ती बाळगायची, याला वादक तयार नव्हता. वायरलेस संच लावला तर लांब केबलच उरत नाही. मात्र गर्दीच्या हॉटेलात सिग्नल तुटण्याचा अनुभव त्याने इतरांकडून ऐकला होता, म्हणून तो विषय तिथेच संपला. ५०० ऐवजी २५० किलोओहमचा पॉट घातला तर रोध निम्मा आणि नुकसानही त्या प्रमाणात कमी होते, पण हंबकरचा पूर्ण उघडा आवाज त्याने मऊ पडतो, म्हणजे चांगल्या असलेल्या जागेवर हात फिरतो. नॉबऐवजी पायाने आवाज कमी-जास्त करायच्या पेडलचा प्रश्न मांडी घालून बसण्याने निकालात निघाला होता.

टोनच्या कपॅसिटरची जोडणी पिकअपच्या पायाऐवजी मधल्या पायाला करायची, ज्याला गिटारवाले १९५० च्या दशकातली वायरिंग म्हणून ओळखतात, तिला एक पैसा लागत नाही. एक तार उचलून दुसरीकडे सोल्डर करायची. नॉब खाली आल्यावर टोनच्या सर्किटचा पिकअपवरचा भार त्यामुळे हलका होतो आणि थोडा ट्रेबल वाचतो. हे प्रत्यक्ष करून पाहिले. सुधारणा होती, पण बेताची. शिवाय या जोडणीत टोन आणि व्हॉल्यूम एकमेकांत गुंततात, टोन कमी केला की आवाजही जरा उतरतो. हॉटेलात टोन खाली ठेवून वाजवायचे दोन-तीन तुकडे त्याच्याकडे आहेत, तिथे हाताचा अंदाज चुकू लागला. तार परत जागेवर लावली.

उरला ट्रेबल ब्लीड. पिकअपचा पाय आणि मधला पाय यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर टाकायचा, म्हणजे उंच वारंवारतांना पॉटच्या रोधाला वळसा घालून जायला वाट मिळते. ही कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडरच्या टेलिकास्टरवर १००० पिकोफॅरडचा असा कपॅसिटर बसवला जात होता, आणि पीआरएस ही गिटार कंपनी आपल्या गिटारवर त्याच कामासाठी फक्त १८० पिकोफॅरड वापरते. एकाच कामाला हे दोन इतके लांबचे आकडे का, हा प्रश्न कोणीही विचारावा असा आहे, आणि त्याचे उत्तर समजल्याशिवाय कपॅसिटर निवडणे म्हणजे चिठ्ठी उचलणे आहे.

उत्तर असे आहे. पॉटच्या वरच्या भागाचा रोध गुणिले ब्लीडचा कपॅसिटर, आणि खालच्या भागाचा रोध गुणिले केबलची धारिता, हे दोन गुणाकार समान असले की सगळ्या वारंवारता सारख्या प्रमाणात उतरतात. पॉट अर्ध्यावर असताना दोन्ही भाग समान, म्हणून ६०० पिकोफॅरडच्या केबलला ६०० चाच ब्लीड हवा. पण तोच पॉट दहाव्या हिश्शावर आणला, वर ४५० आणि खाली ५० किलोओहम, की हवा असलेला ब्लीड ६७ पिकोफॅरडपर्यंत घसरतो. म्हणजे नॉबच्या प्रत्येक जागेला वेगळा कपॅसिटर लागतो आणि आपण बसवणार एकच. १००० पिकोफॅरडचा एकटा कपॅसिटर अर्ध्या बिंदूवर जवळपास बरोबर वागतो, पण दहाव्या हिश्शावर ३००० हर्ट्झचा भाग बाकीच्या आवाजापेक्षा सुमारे १४ डेसिबल वर राहतो. तिथे गिटार पातळ आणि पत्र्याची वाटते. ट्रेबल ब्लीडला नावे ठेवणारे बहुतेक लोक या एकट्या कपॅसिटरला नावे ठेवत असतात.

म्हणून सोबत रेझिस्टर देतात, आणि तो समांतर द्यायचा की एकापुढे एक, यावरून दोन घराणी पडली आहेत. सेमूर डंकन या पिकअप बनवणाऱ्या कंपनीची प्रचलित शिफारस ०.००२ मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहम समांतर अशी आहे. किनमन या दुसऱ्या पिकअप उत्पादकाची १२०० पिकोफॅरड आणि १३० किलोओहम एकापुढे एक अशी. समांतर जोडणीत नॉबची चाल बदलते: १५० किलोओहम समांतर टाकले, तर जिथे आवाज २० डेसिबल उतरायला हवा तिथे तो जेमतेम १० उतरतो आणि उरलेली सगळी उतरण शेवटच्या थोड्याशा फिरवण्यात कोंबली जाते. ज्याचा नॉब कधी शून्याकडे जातच नाही त्याला याने काही बिघडत नाही. आमचा वादक शून्यापासून स्वर फुलवणारा होता, त्याला तो शेवटचा टप्पा सर्वांत जास्त जपायचा होता. समांतर जोडणी या एका कारणाने बाद झाली.

केलेली कृती

ट्यूनरचा स्विच बदलून तो पहिल्या जागी आल्यावर लगेच एक गोष्ट घडली, जी अपेक्षित असूनही वादकाला दचकवून गेली: नॉब पूर्ण उघडा असतानाचा आवाजही बदलला. पिकअपचे वेटोळे आणि केबलची धारिता मिळून एका वारंवारतेपाशी उभारी देतात, सुमारे ४.५ हेन्रीच्या हंबकरसाठी, त्याची स्वतःची थोडी धारिता धरून, १३०० पिकोफॅरडच्या केबलबरोबर ही उभारी २००० हर्ट्झजवळ असते आणि ६०० बरोबर २८०० च्या आसपास सरकते. गेले काही महिने मैफलींसाठी त्याने नकळत ॲम्प्लिफायरचा ट्रेबल ८ पर्यंत चढवला होता. तो ५ वर आणल्यावरच पुढचे काही ऐकण्यात अर्थ होता, आणि मिक्सरवरचा वाढवलेला ट्रेबलही सपाट करण्यास सांगितले.

त्यानंतर नॉबखाली कागदी चिकटपट्टी लावली आणि गायिका व हार्मोनियमवादक यांच्यासह नेहमीसारखी तालीम घेतली. बोट जिथे थांबेल तिथे मी पेन्सिलीने खूण करत गेलो. तालमीअखेर खुणांचा दाट पट्टा साडेपाच ते आठ यांच्या मध्ये पडला होता. त्याखाली नॉब फक्त स्वर फुलवताना जात होता, आणि तोही थांबण्यासाठी नव्हे. साडेपाच-सहा म्हणजे विद्युतदृष्ट्या साधारण चौथा हिस्सा, आवाजात १२ डेसिबलची उतरण. तेव्हा ब्लीड अर्ध्या आणि चौथ्या हिश्शाच्या दरम्यान सरळ वागला पाहिजे, त्याच्या खाली थोडा उजळ झाला तरी चालेल, असे ठरले. या प्रकरणातला सर्वांत उपयोगाचा निर्णय मला हाच वाटतो, आणि त्याला लागली ती फक्त चिकटपट्टी.

सोल्डर करण्याआधी पॉटच्या दोन पायांना बारीक तारा जोडून त्या झाकणाबाहेर काढल्या आणि त्यांच्या टोकांना मगरचिमटे लावले, म्हणजे भाग झटपट बदलून ऐकता येतील. झाकण उघडे असल्याने थोडी घरघर येत होती, तिकडे दुर्लक्ष केले. रेझिस्टर १५० किलोओहमचा, तपकिरी-हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा, एकापुढे एक जोडणीत; कपॅसिटर आलटून-पालटून ३३० आणि ६८० पिकोफॅरडचे. कपॅसिटरच्या खरेदीत एक गंमत झाली, ती इतरांच्या उपयोगाची म्हणून सांगतो. दुकानातून ३३० पिकोफॅरड म्हणून जे आणले होते त्यांच्यावर ३३० असेच छापलेले होते. सिरॅमिक कपॅसिटरवर शेवटचा आकडा शून्ये सांगतो, त्यामुळे छापील ३३० म्हणजे ३३ पिकोफॅरड, आणि खऱ्या ३३० वर ३३१ असे छापलेले असते. मीटरवर ठेवल्याबरोबर ते उघड झाले. एरवी ब्लीडने काहीच होत नाही असा निष्कर्ष निघाला असता.

कोणता कपॅसिटर लावला आहे हे वादकाला न सांगता ऐकवायचे असा नियम ठेवला, कारण दोन आवाजांत जो उजळ असतो तोच पहिल्या मिनिटात सरस वाटतो. एकट्या गिटारवर त्याने प्रत्येक वेळी ६८० निवडला. गायिका गाऊ लागल्यावर मत फिरले. नॉब सहावर असताना ६८० मुळे पिकाचा टकटक आवाज आणि तारेवरून बोट सरकल्याची चिर्र गाण्याच्या शब्दांमधून वर येत होती. हिशेबही तेच सांगतो: ३००० हर्ट्झवर अर्ध्या बिंदूला ६८० जवळजवळ तंतोतंत सरळ आहे, पण चौथ्या हिश्शावर ४ डेसिबल वर जातो, ३३० मात्र अर्ध्यावर दीड डेसिबल कमी आणि चौथ्या हिश्शावर सुमारे अडीच डेसिबल जास्त, म्हणजे लागणाऱ्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना थोडी थोडी चूक वाटून घेतो. ३३० पिकोफॅरड आणि १५० किलोओहम पक्के सोल्डर केले, उघड्या पायांवर नळी चढवली आणि झाकण बंद केले. दोन्ही भागांची किंमत मिळून काही रुपये.

एक निर्णय उरला होता. हॉटेलात ओव्हरड्राइव्हवर नॉब खाली आणला की आवाज मऊ होतो, ते वादकाला आवडत होते. ब्लीड आल्यावर तिथे ऱ्हिदम जरा कडक होणार, हे स्पष्ट होते. ओढल्यावर ब्लीड तोडणारा पुश-पुल पॉट बसवून दोन्ही आवाज ठेवता आले असते. आतली पोकळी त्यासाठी उथळ होती, लाकूड कोरावे लागले असते, आणि दमट हवेत गंजू शकणारा आणखी एक स्विच वाढला असता. ज्या पावसाळ्याने ट्यूनरचा स्विच नेला त्याच्या हाती दुसरा स्विच देऊ नये, असे मी सुचवले आणि वादकाने ते मानले.

निष्पत्ती

पुढच्या भावगीतांच्या कार्यक्रमात मिक्सरवर गिटारचा ट्रेबल सपाट राहिला आणि खरखर गेली. शब्द सुरू झाल्यावर नॉब सहा-सातवर येत होता, तरी कॉर्डचे स्वर वेगवेगळे ऐकू येत होते. गायिकेने त्या विषयावर काही म्हटले नाही, आणि साथीदाराला यापेक्षा चांगली पावती मिळत नसते. स्वर फुलवण्याची चाल पूर्वीसारखीच राहिली, फक्त उमलण्याच्या सुरुवातीला आवाज किंचित उजळ असतो. वादकाला ते खटकले नाही. मला ते ऐकू येते.

हॉटेलातला परिणाम संमिश्र होता. खालच्या नॉबवरचा ऱ्हिदम अपेक्षेप्रमाणे कडक झाला आणि पहिले काही दिवस त्याने टोन थोडा खाली ठेवून काम चालवले. नंतर ओव्हरड्राइव्ह पेडलवरचाच टोन कमी करून घेतला. बँडमधल्या इतरांना बदल जाणवला नाही.

वेगळे काय करता आले असते

मैफलीपुरते पाहिले तर गिटार उघडण्याची गरज नव्हती, असे मत मांडता येते आणि त्यात तथ्य आहे. बैठकीत पेडलबोर्ड वादकाच्या गुडघ्याशेजारीच असतो. तिथे ६ मीटरऐवजी ३ मीटरची केबल पुरते. बफर दुरुस्त करून ३ मीटरची केबल लावली असती तर अर्ध्या बिंदूवरचे नुकसान २ डेसिबलच्या आत आले असते, आणि एवढे कार्यक्रमात कोणाला कळत नाही. ज्याची गिटार फक्त बैठकीत वाजते त्याला मी आज हाच क्रम सांगेन: आधी बफर, मग आखूड केबल, एवढ्यावर भागले तर सोल्डरिंग आयर्न तापवूच नका. इथे ब्लीडचा आग्रह धरला तो एकाच केबलवर दोन्ही ठिकाणी हाताचा अंदाज सारखा राहावा म्हणून.

त्याची दुसरी बाजू अशी की आता ही गिटार त्या केबलशी बांधली गेली आहे. ३ मीटरची केबल लावली तर चौथ्या हिश्शावर ट्रेबल ४ डेसिबलहून वर जातो, म्हणजे तालमीत नाकारलेला ६८० चा टोचरेपणा परत येतो. केबल बदलताना तिची धारिता मोजून ६०० च्या जवळपासची घ्यायची, हे वादकाला लिहून दिले आहे.

पुश-पुलबद्दलचा निर्णयही कायमचा मानू नये. वादकाचे हॉटेलातले काम वाढले आणि मैफली कमी झाल्या, तर मऊ होणारा जुना नॉब त्याला पुन्हा हवासा वाटेल. तेव्हा लाकूड कोरण्यापेक्षा टोनच्या जागी लहान टॉगल स्विच बसवता येईल का, हे मी पाहीन; हॉटेलात पेडलवरचा टोन वापरायला तो शिकलाच आहे. येत्या जत्रांच्या दिवसांत त्याला उघड्या रंगमंचावर ९ मीटरची केबल लागणार आहे. तिथे ९०० पिकोफॅरडवर ३३० चा ब्लीड अपुरा पडणार हे कागदावर दिसते आहे, आणि ट्यूनर बोर्डवरून काढून कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा व लांब केबल त्याच्या पुढे न्यायची, असा बेत आम्ही केला आहे.